रखमाआयेचं पोलकं

फोटोवाल्याने माझी बायको गोरी केली.

इंदू जाऊन अजून महिना व्हायचाय. तेराव्याला भिंतीवर फोटो पाहिजे म्हणून माझ्या मुलाने, विलासने, कुठल्याशा लग्नातला तिचा फोटो स्टुडिओत दिला. तो मोठा होऊन, फ्रेममध्ये बसून, हार घालून आला. बघतो तर आत एक गोरीपान बाई. गालांना लाली, कपाळावरचा खोकेचा व्रण गायब, ओठ असे की आत्ताच विडा खाऊन उठलीय. इंदूने जन्मात विडा खाल्ला नाही. मला वाटलं काचेवर धूळ बसलीय. खांद्यावरच्या टॉवेलने पुसली. परत पुसली. सून म्हणाली, "बाबा, धूळ नाही ती. त्यांनी कॉम्प्युटरवर जरा उजळ करून दिलंय. छान दिसतायत ना आई?"

"ही कोण?" मी म्हटलं.

सून रडायला लागली. शेजारीपाजारी म्हणाले, म्हातारा भ्रमला. भ्रमलो नाही. फक्त तो प्रश्न माझा नव्हता, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडचा होता. लालबागच्या आमच्या जुन्या चाळीत रखमाआये राहायची, तिचा. ती जाऊन किती वर्षं झाली, पण त्या फोटोपुढे उभा राहिलो आणि तिचाच आवाज माझ्या गळ्यातून आला. तेव्हा म्हटलं, लिहून काढू या बाईला. शाळा माझी चौथीपर्यंत, बाकी सगळं मिलच्या साच्यावर, म्हणजे मागावर, शिकलो. चुकेल तिथे चुकेल.

तर रखमाआये पोलकं घालत नसे.

हे आधीच सांगून टाकतो, कारण चाळीत लोक हे शेवटी सांगायचे आणि आवाज खाली करून सांगायचे. सावंतवाडीच्या खाली, गोव्याच्या हद्दीला लागून तिचं गाव. तिथे तिच्या माणसांतल्या बायका लुगडं पोटरीपर्यंत नेसत, पदर पुढून फिरवून उजव्या खांद्यावर त्याची गाठ मारत आणि कामाला लागत. पोलकं नाही, चोळी नाही. पुढून सगळं झाकलेलं, पाठ आणि दंड उघडे. तिची आई तशी, आजी तशी, गावातली देवी सोडली तर सगळ्या तशाच. नवरा मेल्यावर पोराला घेऊन मुंबईला आली, ती ही गाठ खांद्यावर घेऊनच आली.

रंग तिचा चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखा. दंड असे की मिलमधल्या जॉबरने, आमच्या मुकादमाने, बघून शरमावं. खालच्या मजल्यावर तिची खानावळ होती. आम्ही गिरणीवाले, बायका गावी ठेवून आलेले, पाळीपाळीने तिच्याकडे जेवायचो. बांगड्याच्या कढीत ती तिरफळं घालायची, तो वास जिन्यावरून वर चढत यायचा आणि माणसं खाली उतरायची. माझं लग्न होऊन इंदू आली तरी माझं रविवारचं जेवण तिच्याकडेच. इंदूच म्हणायची, जा, मलाही थोडी कढी घेऊन या.

तिची आंघोळ बघण्यासारखी. म्हणजे बघण्यासारखं त्यात काही नसायचं, हीच तिची करामत. चाळीच्या चौकात एक उघडा नळ. त्याच्यावर पहाटे ती लुगड्यासकट आंघोळ करायची. मग कोरडं लुगडं अंगाभोवती असं चढायचं आणि ओलं असं खाली पडायचं की चौकातली मांजरसुद्धा काही बघू शकत नसे. इंदू महिनाभर शिकत होती, तिला नाही जमलं. त्याच नळावर सात वाजता आम्ही पुरुष ओल्या पातळ पंच्यात उभे राहायचो, गाणी म्हणायचो आणि आमचं काय काय दिसतं ह्याचा हिशेब कोणी ठेवायचा नाही. वरच्या गॅलरीत पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर उघड्या पोटाने पेपर वाचणारे पंधरा-वीस तरी असायचे. सगळे अब्रूदार.

पण म्हातारी मोकळीढाकळी होती असं समजू नका. तिच्या लाजेची जागा वेगळी होती, एवढंच. इंदू एकदा न्हाऊन केस मोकळे सोडून गॅलरीत आली. रखमाआये खालून ओरडली, "गो इंद्या! घरात मयत झाला काय? बांध ते केस, नागडी फिरतंस ती!" इंदूच्या अंगावर पोलकं होतं, वर लुगडं होतं, डोक्यावरून पदर तेवढा नव्हता. नागडी ती ठरली.

आणि खानावळीत तिचा कायदा होता: शर्ट घालून पानावर बसायचं नाही. अन्नापुढे उघड्या अंगाने बसायचं, ही तिच्या गावची रीत. आम्ही खुंटीला शर्ट टांगून जेवायचो. शर्ट घालून जेवणारा माणूस तिला पाहुणा वाटायचा नाही, झडतीला आलेला पोलीस वाटायचा.

इंदूची आणि तिची खरी दोस्ती पावडरवरून झाली. इंदू सावळी, म्हणजे काळीच. आमच्या आत्याने लग्नात स्नोची बाटली आणि पावडरचा डबा दिलेला. बाहेर निघायचं म्हटलं की इंदू तोंडावर एवढी पावडर चढवायची की मान एका बाईची आणि तोंड दुसरीचं वाटे. रखमाआयेने एकदा तिला जिन्यात धरलं.

"काय गो, तांदळाचा पीठ चाळूक बसल्लंस?"

"पावडर आहे, आये. सगळ्या लावतात."

"आणि ह्या कोणासाठी? तुझ्या घोवाक तू काळोखातय दिसतंस मां?"

इंदू लाजली. मीही लाजलो, वर उभा होतो. म्हातारी पुढे म्हणाली, "काळा कातडा आसा तर आसा. घासून भांडी पांढरी होतत, माणसा नाय." इंदूने डबा लगेच टाकला नाही, बायका एवढ्या लवकर डबे टाकत नाहीत. पण चाळीत असताना लावायची बंद झाली.

आता टिपणीससाहेब. ते चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी. गिरगावात वाढलेले, माझगावला एका बोटीच्या कंपनीत क्लार्क, आणि अख्ख्या चाळीत इस्त्री असलेलं त्यांचं एकच घर. माणूस वाईट नव्हता. नळाला पाणी आणलं त्यांनी, संडासाची दारं बसवली त्यांनी. फक्त त्यांना बोलताना "आपल्यासारख्या सुशिक्षित समाजात" असं म्हणायची सवय होती आणि आम्ही सगळे मागे वळून बघायचो, कोण आलंय म्हणून.

एकदा त्यांची बायको माहेरी गेली आणि साहेब खानावळीत आले. कोट, टाय, चकाकते बूट. रखमाआयेने पान वाढलं नाही.

"सदरो काढ."

"मी तसा बसत नाही, आये."

"मगे जेव नको."

आत कढीला कढ येत होता. माणूस किती वेळ तत्त्वाला धरून बसणार? कोट उतरला. टाय उतरला. शर्ट उतरला. खाली गंजी, आणि गंजीला अशी भोकं की तिच्यातून भात गाळावा. रखमाआये जवळ जाऊन वाकून बघत म्हणाली, "अरे बाबा, ह्या झाकीत होतंस? माका वाटला खरूज आसा. दी हडे, जेवसर टाको घालतंय."

तिने खरंच सुई-दोरा काढला. पंगतीतल्या एकाच्या नाकातून कढी आली. टिपणीस मान खाली घालून जेवले, दोनदा भात घेतला, आणि त्या दिवसापासून त्यांना चाळीतली संस्कृती धोक्यात दिसायला लागली. "एक बाई अशी उघड्यावर वावरते. बाहेरचे लोक येतात-जातात. साहेबाच्या देशात बघा, गळ्यापासून घोट्यापर्यंत कपडे असतात. म्हणून त्यांनी राज्य केलं."

हे ते नळावर, ओल्या पंच्यात उभे राहून सांगायचे.

त्याच साली सुट्टीच्या दिवशी त्यांनी चाळीतल्या आम्हा काही लोकांना माझगावला मोठी परदेशी बोट दाखवायला नेलं. कंपनीतून परवानगी काढलेली. रखमाआये पण आली, तिला तिच्या गावाहून येणाऱ्या बोटीपेक्षा ही किती मोठी ते बघायचं होतं. आम्ही धक्क्यावर उभे. वरच्या डेकवर दोन खुर्च्या आणि त्यांत एक साहेब आणि एक मडम पडलेली. साहेबाच्या अंगावर एक टीचभर चड्डी. मडमेच्या अंगावर त्याहून थोडं जास्त, पण फार नाही. दोघं लालभडक, डोळे मिटून, भर उन्हात.

पुरुषांनी माना दुसरीकडे वळवल्या आणि डोळे तिथेच ठेवले. इंदूने पदर तोंडात घातला. रखमाआयेच्या तोंडावर मात्र खरी काळजी.

"तेंका उनात कोणी वाळत घातल्यान रे? खारे बांगडे जसे."

टिपणीस घाम पुसत म्हणाले, "त्यांच्याकडे ऊन नसतं, आये. थंड देश. अंगाला हवा लागावी लागते त्यांच्या. ती त्यांची पद्धत आहे."

"बरा," म्हातारी म्हणाली. "मगे माझ्या पाठीकय हवा लागता. ती माझी पद्धत."

परत येताना टिपणीस सगळ्यांच्या पुढे झपझप चालत सुटले. हरलेला माणूस गप्प बसतो, विसरत नाही.

मग ते दिवस आले. मुंबईसकट महाराष्ट्र पाहिजे म्हणून गिरणगाव पेटलेलं. मिलच्या गेटवर सभा, रस्त्यावर मोर्चे, संप, लाठ्या. रखमाआयेचा एकुलता एक मुलगा बाबल्या. आमच्याच खात्यात, माझ्या शेजारच्या साच्यावर. हसला की हिरड्या दिसायच्या. तो एका मोर्चात गेला आणि गोळी लागून परत आलाच नाही. पोस्टमॉर्टेमनंतर त्याला चाळीत आणला तेव्हा रखमाआये रडली नाही. तिने त्याच्या अंगावरची चादर छातीपर्यंत खाली ओढली, जखम बघितली, हाताने चाचपली, आणि म्हणाली, "झाकू नको. येवंदेत बघूक सगळ्यांक." टिपणीसांनी चादर परत वर ओढली. तिने परत खाली केली. शेवटी टिपणीस हात मागे घेऊन उभे राहिले.

खानावळ तिने तेराव्यानंतर चालू केली. कढी तीच, तिरफळं तीच. फक्त पानं वाढताना बाबल्याचं पान मांडायची आणि उचलायची.

पुढच्या वर्षी बायकांचा मोठा मोर्चा ठरला. गोळीबारात गेलेल्यांच्या आया आणि बायका सगळ्यात पुढे चालणार असं ठरलं. रखमाआयेला कोणीतरी येऊन सांगितलं आणि बाबल्या गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी आलं. तिने इंदूला सांगितलं, "मी फुडे चलतलंय. बाबल्याची आवस म्हणान." दुसरं काही नको होतं तिला. पैसे नको, सत्कार नको. आपण कोणाची आई आहोत हे रस्त्याला दाखवायचं होतं.

टिपणीसांनी ताबडतोब कमिटीची सभा बोलावली. त्यांच्याच खोलीत. विषय: मोर्चात पुढे चालणाऱ्या स्त्रियांचा पोशाख.

"मोर्चाचे फोटो निघणार," टिपणीस म्हणाले. "पेपरात येणार. तेच पेपर दिल्लीला जाणार. दिल्लीवाले फोटो बघतील आणि म्हणतील, अंगावर पोलकं नाही आणि ह्यांना मुंबई पाहिजे! अहो, एका पोलक्यावरून राज्य हातचं जाईल. आये, तुमच्याबद्दल आदर आहे, पण पोलकं घातल्याशिवाय पुढच्या रांगेत नाही. मागून चाला."

रखमाआये दारापाशी बसली होती. ती ऐकत नव्हती, भिंतीकडे बघत होती. भिंतीवर केसाच्या तेलाच्या कंपनीचं कॅलेंडर. त्याच्यावर एक दाढीवाला डोळे मिटून बसलेला आणि त्याच्यासमोर एक बाई, अंगावर दागिने पुष्कळ आणि कपडा नावाला. त्यावर टिपणीसांनी काच बसवून घेतलेली.

"ही कोण रे?"

"अप्सरा आहे ती."

"आणि हो म्हातारो?"

"ऋषी. तप करतायत."

"हिचा पोलका खंय आसा?"

आतल्या पडद्यामागून टिपणीसांच्या बायकोचा दाबलेला आवाज आला. हसण्याचाच असावा.

"आये, ते चित्र आहे. त्याला कला म्हणतात."

"मगे माकाय भिंतीर टांग," रखमाआये म्हणाली. "म्हणजे पोलका नको."

सभा हसली आणि हसून झाल्यावर ठराव पास केला. ज्या हातांनी दुपारी तिची कढी ओरपलेली तेच हात वर गेले, काहींना तर अजून बांगड्याचा वास येत होता. माझा हात खाली राहिला. त्यात माझी मर्दुमकी नाही. इंदू दारात उभी होती आणि तिची नजर माझ्या हातावर होती.

दुसऱ्या दिवशी टिपणीस कमिटीच्या खर्चाने शिंपी घेऊन आले. शिंपी बिचारा टेप गळ्यात अडकवून चुलीपाशी उभा. रखमाआयेने टेप त्याच्या गळ्यातून काढली आणि टिपणीसांच्या डोळ्यांवरून डोक्याभोवती फिरवली. "ह्याच्या डोळ्यांचा माप घे आधी. बघणाऱ्याक पोलका शिव, माका नको." शिंपी पळाला. शेवटी इंदूनेच अंदाजाने कापड बेतून हाताने पोलकं शिवलं. हिरवं, टिचबटणांचं. तिला वाटत होतं, म्हातारी हट्टापायी मागे राहील आणि आयुष्यभर जळत राहील. ते घेऊन ती संध्याकाळी खाली गेली, मी मागून.

"आये, माझ्यासाठी घाल. एका दिवसाचा प्रश्न आहे. पुढे तर चालशील."

रखमाआयेने पोलकं हातात घेतलं, शिवण बघितली, चांगली आहे म्हणाली. मग हळू बोलली. "इंद्या, आमच्या गावात पोलका कोण घाली, ठावक आसा तुका? जत्रेक नाचूक येणाऱ्यो बायलो. आंगाक असा चिकटान बसता, सगळा उठान दिसता. चांगल्या घरची बायल ह्या घालणा नाय. बाबल्याच्या नावान रस्त्यार चलूचा आणि ह्या घालून? तो वयरसून काय म्हणतलो, माझी आवस नाचूक चलली?"

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ही म्हातारी उघडी राहण्यासाठी भांडतच नव्हती. ती झाकण्यासाठी भांडत होती. टिपणीसांना पोलक्याशिवाय बाई नागडी वाटायची, आणि तिला पोलक्यात. दोघंही आपापली अब्रू सांभाळत होते. फरक एवढाच की टिपणीसांच्या पाठीशी ठराव होता.

मोर्चाच्या दिवशी परळच्या नाक्यावर बायकांचा समुद्र. टिपणीस दंडाला पट्टी बांधून स्वयंसेवक म्हणून पुढच्या रांगेपाशी उभे. रखमाआये आली ती डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन, बायकांना उन्हात पाणी पाहिजे म्हणून. कळशीखाली चुंबळ होती आणि चुंबळ हिरवी होती. टिचबटणं चमकत होती.

"आये! पोलकं?"

"हाडलंय मां. चांगला मऊ आसा."

टिपणीस आडवे आले. "तुम्ही मागे चला. कमिटीचा निर्णय आहे." तेवढ्यात रांगेतली एक बाई वळली. दादरकडची असावी, पांढरं पातळ, चष्मा, हातात झेंडा. पुढारी दिसत होती. टिपणीसांना बरं वाटलं, कोणीतरी आपल्यातलं भेटलं.

"कोण ह्या?" तिने विचारलं.

टिपणीस सांगायला लागले. रखमाआयेने मध्येच सांगितलं, "बाबल्याची आवस."

त्या बाईने तिच्या खांद्यावरची गाठ बघितली असेल, उघडे दंड बघितले असतील. पण ती बाजूला सरकली, मध्ये जागा केली आणि रखमाआयेचा हात धरला. झालं. ठराव तिथेच संपला. मोर्चा हलला. मी फुटपाथवरून चालत होतो. म्हातारी ताठ चालत होती, कळशीतलं पाणी हिंदकळत नव्हतं. कोणी घोषणा दिली की तिचे ओठ हलायचे, पण ती घोषणा देत नव्हती. मला लांबून कळत होतं, ती एकच नाव घेत होती.

पुढच्या चौकात अश्रुधूर सुटला. डोळ्यांत मिरची पूड टाकल्यासारखं. बायका पांगल्या, पोरं रडायला लागली, माणसं एकमेकांवर आदळली. रखमाआये जागची हलली नाही. कळशी कमरेवर घेतली, चुंबळ काढली आणि दातांनी शिवण धरून पोलकं टराटरा फाडलं. इंदूची शिवण पक्की होती, पण म्हातारीचे दात त्याहून पक्के. एकेक तुकडा पाण्यात बुडवून देत सुटली. "डोळ्यांर धर! चोळू नको गो! धर नुसता!" पाठीचा तुकडा त्या दादरच्या बाईला. कॉलर कुठल्या तरी पोरीला. आणि एक माणूस दिव्याच्या खांबाला धरून, दंडाला पट्टी, नाकातोंडातून पाणी, "आई गं, आई गं" करत उभा होता, त्याच्या तोंडावर तिने पोलक्याची अख्खी बाही दाबली.

टिपणीसांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. धुराच्या मध्ये रखमाआये, कमरेवर कळशी, हात पुढे केलेला, खांद्यावरची गाठ स्पष्ट. दिल्लीवाल्यांनी तो बघितला की नाही मला माहीत नाही. पण पुढे राज्य मिळालं, मुंबईसकट मिळालं. पोलक्याबद्दल कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

राज्य झालं त्या वर्षी चाळीत रोषणाई झाली. टिपणीसांनी ठरवलं, आपल्या चाळीतल्या वीरमातेचा फोटो दाराशी लावायचा. पेपरातला फोटो मोठा करून घेतला आणि एका पेंटरकडून त्यावर रंग भरून घेतले. सोनेरी फ्रेम. अनावरणाला रखमाआयेला खुर्ची. कापड बाजूला झालं, टाळ्या पडल्या. फोटोत म्हातारी उजळ झालेली, सुरकुत्या निम्म्याने कमी. मागचा धूर जाऊन तिथे उगवता सूर्य आलेला. आणि अंगात पोलकं. हिरवं, बाह्यांना फुगे असलेलं. खांद्यावरची गाठ पेंटरने पदराखाली पुरून टाकलेली.

रखमाआये उठून जवळ गेली. फार वेळ बघत राहिली.

"ही कोण?"

"तुम्हीच, आये!" टिपणीस मनापासून हसत म्हणाले. त्यांनी खरंच प्रेमाने केलं होतं, हेच वाईट.

"बरी आसा," रखमाआये म्हणाली. "घरंदाज दिसता. पण ही बाबल्याची आवस न्हय."

आणि भात उतू जाईल म्हणून आत गेली. अप्सरेला पोलकं नव्हतं तेव्हा ती कला होती. रखमाआयेला भिंतीवर टांगली, तेव्हा मात्र आधी कपडे घातले.

त्यानंतर महिन्याभरात तिने खानावळ बंद केली. गावी जाते म्हणाली. कोणी कारण विचारलं नाही, कारण रोज येता-जाता दाराशी ती दुसरी बाई उभी असायची, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

तिला बोटीवर बसवायला भाऊच्या धक्क्यावर मी आणि इंदू गेलो. टिपणीस आले नाहीत. त्या दिवशी चाळीत पाहुणे येणार होते आणि त्यांना वीरमातेच्या फोटोला हार घालायचा होता.

बाहेर पडायचं म्हणून इंदूने तोंडाला पावडर लावलेली. धक्क्यावर येईपर्यंत रडून रडून तिचे ओघळ झालेले, पांढऱ्यात काळे, काळ्यात पांढरे. बोटीचा भोंगा झाला. लोक फळीवरून चढायला लागले. रखमाआयेने बोचकं माझ्या हातात दिलं, खांद्यावरच्या गाठीचं सुटं टोक तोंडात धरून ओलं केलं आणि इंदूची हनुवटी धरून तिचं तोंड पुसायला लागली. कपाळ, गाल, नाक, तो खोकेचा व्रण. सावकाश. मागे लोक ओरडत होते, चला, चला. तिला घाई नव्हती. पुसून झाल्यावर थोडी मागे सरकून तिने इंदूकडे बघितलं.

"हां," ती म्हणाली. "आता दिसलंस."

माझ्या हातातून बोचकं घेतलं आणि फळीवर चढली. बोट सुटली तेव्हा सगळे कठड्याला लागून मुंबईकडे हात हलवत होते. ती एकटी पलीकडच्या बाजूला, गावाकडे तोंड करून उभी. आम्हाला तिचं तोंड दिसलं नाही. उन्हात चकाकणारी उघडी काळी पाठ तेवढी दिसली, आणि खांद्यावरची गाठ.